जन्मभराचा दवाखाना

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी बीड जिल्ह्यात अनेकदा शिबिरापासून सुरू होते. संभाजीनगरचे किंवा पुण्याचे सर्जन एखाद्या रविवारी ओळखीच्या दवाखान्यात बसतात. वजन-उंची मोजली जाते, शुगरचा रिपोर्ट बघितला जातो आणि अर्ध्या तासात ऑपरेशनचं नाव, खर्चाचा आकडा आणि तारीख असं सगळं कागदावर येतं. पेशंटच्या मनात तेव्हा दोनच प्रश्न घोळत असतात. किती किलो उतरेल आणि किती पैसे लागतील? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि या प्रकरणात मला जास्तीत जास्त त्याच्याबद्दलच सांगायचं आहे. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, तिसऱ्या आणि दहाव्या वर्षी मला कोण तपासणार?

हे ऑपरेशन दीड-दोन तासांत उरकतं. दोन-तीन दिवसांत पेशंट घरी जातो. पण जठराचा आकार किंवा आतड्याचा रस्ता एकदा बदलला की तो बदल आयुष्यभर सोबत राहतो. लोह, बी-१२, कॅल्शियम पूर्वीसारखं अंगी लागत नाही. जेवणाची पद्धत बदलते, काही औषधं चालेनाशी होतात. म्हणून हॉस्पिटल निवडायचं म्हणजे आधीचे दोन-तीन महिने आणि नंतरची सगळी वर्षं सांभाळणारी माणसं कुठं आहेत, ते शोधायचं.

ऑपरेशन करून पेशंटला वाऱ्यावर सोडलं की काय होतं, हे बीड जिल्ह्याने भोगलेलं आहे. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनी हा जिल्हा देशभर चर्चेत आला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांची नोंद झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं अशा तक्रारींवर ‘पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल’ असं त्यांना ऐकवलं गेलं. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, ही धास्ती होतीच. पुढे खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. पण पाठदुखी, सांधेदुखी, अंगातून निघणाऱ्या वाफा हे सगळं ऑपरेशननंतर मागे लागलं, आणि तेव्हा त्या बायकांची विचारपूस करणारं कोणी नव्हतं.

वजनाच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. योग्य माणसावर केलं तर ते फार गुणकारी आहे आणि त्यामागे अनेक दशकांचा पुरावा आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये पहिल्यांदा बायपास करून दाखवलं. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लठ्ठ लोकांवर लक्ष ठेवणारा अभ्यास सुरू झाला. ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी राहतं, असं त्यात दिसलं. क्लीव्हलँडमध्ये मधुमेहाच्या १५० पेशंटांवर अभ्यास झाला. त्यात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर ६ टक्के किंवा त्याखाली राहिलेले लोक बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के होते (बायपास आणि स्लीव्ह म्हणजे काय, ते पुढे सांगतो). हे आकडे दोन्ही अंगांनी वाचा. औषधांपेक्षा ऑपरेशन कितीतरी सरस ठरलं, हे एक. आणि ऑपरेशन झालेल्यांपैकीही दहातल्या किमान सात जणांना पाच वर्षांनंतर तो टप्पा राखता आला नव्हता, हे दुसरं. शिबिरात कोणी ‘शुगर कायमची जाणार’ अशी हमी देत असेल, तर दुसरा दवाखाना बघा.

ऑपरेशन म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्याकडे मुख्यतः दोन-तीन प्रकार चालतात. स्लीव्हमध्ये जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी लांबट नळी ठेवतात. काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीचा छोटा कप्पा करतात आणि लहान आतडं वर आणून त्याला जोडतात. त्यामुळे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. तिसरा प्रकार एकाच जोडाचा बायपास. त्याला मिनी बायपास म्हणतात आणि भारतात तो बराच होतो. यातलं कोणतंही ऑपरेशन झालं तरी पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त उतरतं. ११० किलोची व्यक्ती ८० च्या आसपास येते. नंतर त्यातलं काही परत चढतं.

इथे पहिली कसोटी लागते. ज्याला छातीत जळजळ आणि आंबट ढेकरांचा जुना त्रास आहे, त्याचा त्रास स्लीव्हने वाढू शकतो. अशा माणसाला बायपास जास्त मानवतो. म्हणून आधी एन्डोस्कोपी करून अन्ननलिका आणि जठर आतून बघायला हवं. आलेल्या प्रत्येकाला एकच ऑपरेशन सांगणारा दवाखाना पेशंटकडे न बघता स्वतःच्या सवयीकडे बघतोय. ‘मला स्लीव्हच का, बायपास का नको?’ असं विचारा. उत्तरात तुमची जळजळ, तुमची शुगर, तुमचं वय आणि तुमचे रिपोर्ट यायला हवेत.

आता हे ऑपरेशन कोणाला लागतं? याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका माणसाच्या शरीराने गुंतागुंतीचं करून ठेवलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी जास्त असते आणि ती पोटात साठते. म्हणून आपल्याकडे मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात येतो.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीची बाई घेऊ. तिचं वजन ९६ किलो झालं की बीएमआय ३७.५ होतो आणि ८३ किलोला ३२.५. भारतीय सर्जन बरीच वर्षं ३७.५ ची रेषा मानत आले, आणि मधुमेह-बीपीसारखे आजार सोबत असतील तर ३२.५ ची. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांत आशियाई लोकांना २७.५ च्या पुढे हा पर्याय द्यावा असं म्हटलं आहे, म्हणजे आपल्या या बाईला ७० किलोच्या पुढे. विम्याचं गणित मात्र निराळं. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार वय १८ च्या पुढे आणि बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह असा गंभीर आजार असेल आणि साधे उपाय करून झालेले असतील, तरच दावा मान्य होतो. म्हणजे याच बाईला १०२ किलो, नाहीतर आजारासह ९० किलो. असा आजार नसेल तर ७० ते १०२ या ३२ किलोंच्या पट्ट्यात डॉक्टर ‘करता येईल’ म्हणतात आणि विमा कंपनी ‘पैसे देणार नाही’ म्हणते. याच पट्ट्यातल्या माणसांनी सर्वांत सावध राहावं. त्यांच्यासाठी औषधं, आहार आणि २०२५ मध्ये भारतात आलेली आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं हेही पर्याय आहेत. चांगला दवाखाना ते आपणहून समोर ठेवतो, त्यात त्याचं ऑपरेशन हातचं गेलं तरी.

सर्जनचा हात किती महत्त्वाचा, याबद्दल अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक विलक्षण अभ्यास झाला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या २० सर्जननी आपापल्या बायपासची एकेक चित्रफीत दिली. ती बघून, ऑपरेशन कोणाचं हे न कळता, इतर सर्जननी हाताच्या सफाईला गुण दिले. मग त्यांच्या पेशंटांचं पुढं काय झालं ते तपासलं. सर्वांत कमी गुणांच्या गटात १४.५ टक्के पेशंटांना गुंतागुंत झाली आणि सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के. सगळे रीतसर शिकलेले, सगळे रोज हेच काम करणारे, तरी फरक जवळजवळ तिपटीचा. जास्त ऑपरेशनं करणाऱ्यांचे गुणही जास्त होते. चित्रफीत बघून हात ओळखणं आपल्याला जमणार नाही, पण प्रश्न विचारता येतात. तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? गेल्या दोन-तीन वर्षांत किती जणांना लीक, म्हणजे टाक्यांतून गळती झाली, किती जणांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं? कोणी दगावलं का? अनुभवी केंद्रांत मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन एवढा मानतात, तेव्हा ‘आमच्याकडे काहीच होत नाही’ हे उत्तर समाधानाचं नाही. खरं उत्तर देणारे सर्जन आकडा सांगतात आणि त्या पेशंटचं पुढे काय केलं तेही सांगतात.

हे प्रश्न विचारायला आपल्याकडे जीभ रेटत नाही. डॉक्टरला उलट विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्या अंगवळणी पडलं आहे. विशेषतः ओळखीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलं असेल तर तोंडच उघडत नाही. तरीही विचारा. घरातल्या एकाला सोबत न्या, प्रश्न वहीत लिहून न्या आणि त्यालाच वाचायला सांगा. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दवाखान्यात दिसेल असं लावावं लागतं. ती भिंत शोधणं हीसुद्धा दवाखाना तपासण्याची एक रीत आहे.

दुसरी रीत, ओपीडीतल्या वस्तूंकडे बघा. जाड माणसांसाठी उभारलेल्या केंद्रात हात नसलेल्या रुंद खुर्च्या असतात. वजनकाटा दोनशे किलोच्या पुढे जातो. बीपी मोजायचा पट्टा मोठ्या मापाचा असतो. लहान पट्टा जाड दंडावर ताणून लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि माणसाच्या गोळ्या विनाकारण वाढतात. ज्यांच्याकडे हा पट्टासुद्धा नाही, त्यांच्या थिएटरमधलं टेबल, स्ट्रेचर आणि आयसीयूतली खाट सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस पेलेल का, याची शंका घ्यायलाच हवी.

वस्तूंनंतर माणसं. आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक आणि फोन उचलणारी एक परिचारिका, एवढी माणसं ऑपरेशनच्या आधी प्रत्यक्ष भेटायला हवीत. झोपेत घोरणाऱ्या आणि श्वास अडकणाऱ्या माणसाची झोपेची तपासणी झाल्याशिवाय भूल देणं धोक्याचं असतं. यकृतावर चरबी असते, म्हणून ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा आहार देऊन ते आकसवून घ्यावं लागतं. नाहीतर दुर्बिणीतून काम करताना ते आडवं येतं. रविवारी शिबिर आणि बुधवारी ऑपरेशन असं जिथं चालतं, तिथं यातलं काहीच झालेलं नसतं.

आहारतज्ज्ञाची परीक्षा भाकरीवर घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ऑपरेशननंतर सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ, मग गाळलेलं आणि कालवलेलं, मग मऊ आणि साधारण सहा-आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. छापील कागदावर सूप, ओट्स, टोफू, ब्रोकोली असं लिहिलेलं असतं. पाटोद्याच्या किंवा धारूरच्या घरात ते कोण आणणार आणि कोण शिजवणार? चांगल्या ठिकाणी असा संवाद ऐकायला मिळायला हवा.

“ताई, भाकरी कधी खायची?”

“दोन महिने नको, मावशी. मग ज्वारीची, पातळ, पापुद्रा काढलेली. वरणात कुस्करून, चतकोराच्या निम्मी. पण ताटात आधी काय संपवायचं?”

“भाजी?”

“आधी मुगाचं घट्ट वरण, नाहीतर अंडं, नाहीतर दही. भाकरी शेवटी. आणि जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने.”

प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या पुढे जायला हवीत, आणि एका वेळी वाटीभरही जात नाही, अशी ही ओढाताण असते. गळ्यात माळ असलेल्या घरात अंडं-मटण चालत नाही. बी-१२ आधीच तळाला गेलेलं असतं आणि ऑपरेशन ते आणखी खाली ओढतं. दूध, दही, पनीर, मोड आलेली कडधान्यं आणि लागलीच तर प्रथिनांची पावडर यांतून ६० ग्रॅम कसे बसवायचे, हे तुमच्या चुलीचा विचार करून जो सांगतो तो तुमचा आहारतज्ज्ञ. बीडच्या सीताफळाबद्दलही त्याने बोललं पाहिजे. आपल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, हंगामात घरोघरी टोपल्या येतात. पण बायपास झालेल्याने एका बैठकीत दोन सीताफळं खाल्ली तर साखर धाडकन आतड्यात उतरते, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. खाऊच नका असं नाही. किती आणि कशानंतर, ते माहीत हवं.

याहून जोखमीची गोष्ट उलट्यांची. ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत की शरीरातलं बी-१, म्हणजे थायमिन संपतं. त्याचा साठा मुळातच थोडका असतो. ते संपलं की एकाचे दोन दिसतात, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो आणि वेळ गेली तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही. गावाजवळच्या दवाखान्यात उलट्यांचा पेशंट आला की पहिली ग्लुकोजची बाटली चढते. थायमिनशिवाय दिलेलं ग्लुकोज अशा पेशंटला आणखी खाईत लोटतं. ही ओळ डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत असायला हवी: आधी थायमिन, मग ग्लुकोज. सोबत सर्जनचा रात्री लागणारा नंबर, ऑपरेशनचा नेमका प्रकार आणि धोक्याच्या खुणाही हव्यात. नाडी १२० च्या पुढे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, एका पायाला सूज यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. टाक्यांतून गळती झालेल्या पेशंटचं पोट अनेकदा मऊच लागतं, जाड माणसात तर ते हाताला कळतच नाही. नाडी मात्र आधीच पळू लागलेली असते. हे कार्ड ऑपरेशनच्या आधी, कोरं असताना बघायला मागा.

मग अंतराचा हिशेब करा. बीडहून संभाजीनगर साधारण सव्वाशे किलोमीटर. पुणं जवळजवळ त्याच्या दुप्पट आणि मुंबई त्याच्याही पुढं. गेवराई-माजलगावकराला संभाजीनगर सोयीचं. अंबाजोगाई, परळी, केजची माणसं लातूरकडे जातात. आष्टीकराला अहिल्यानगर आणि पुढे पुणं जवळ पडतं. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी, बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, तरी रात्री दोन वाजता कामाला येते ती गाडी आणि रस्ता. मुंबईत नावाजलेले सर्जन आहेत. नितीन गडकरींनी २०११ मध्ये हे ऑपरेशन मुंबईत करून घेतलं, तेव्हापासून राज्यात त्याची चर्चाही वाढली. पण नेत्याच्या दिमतीला गाडी आणि डॉक्टर असतात. आपल्याला वर्षातून चार-पाच खेपा स्वतःच्या खर्चाने करायच्या आहेत, आणि त्याही पगार किंवा मजुरी बुडवून. तोडीस तोड दोन केंद्रं असतील तर जवळचं निवडा. दूरचंच निवडायचं ठरलं तर घरी जाण्याआधी आठवडाभर त्याच शहरात राहण्याची सोय करा. परतीच्या प्रवासात तासाला गाडी थांबवून चाला, पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका तेव्हा जास्त असतो.

आणि जवळचा एक फिजिशियन आधीच बांधून ठेवा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे एमडी डॉक्टर, कोणीही चालेल. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या तपासण्या इथेच होऊ शकतात, रिपोर्ट तिकडे पाठवता येतो. सर्जन तुमच्या स्थानिक डॉक्टरांशी फोनवर बोलायला तयार आहेत का, हे पहिल्याच भेटीत बघा. शुगर आणि बीपीच्या गोळ्या ऑपरेशननंतर काही दिवसांतच कमी कराव्या लागतात. जुन्याच डोसवर राहिलं तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. इथे दोन डॉक्टरांचं आपसात बोलणं नसेल तर भोग पेशंटच्या वाट्याला येतात.

गुडघेदुखीची गोळी हा आणखी एक सापळा. जाड माणसाचे गुडघे दुखतात, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय गोळी आणायची सवय असते. बायपासनंतर त्या गोळ्यांनी जोडाच्या जागी जखम होते आणि ती फुटूही शकते. तंबाखू, गुटखा, विडी यांचं हेच. बायकांच्या मिश्रीबद्दल तर कोणी विचारतही नाही. पुरुष डॉक्टरसमोर ती कबूल करायला लाज वाटते आणि फॉर्मवर ‘व्यसन नाही’ असं लिहिलं जातं. दारू बायपासनंतर फार लवकर चढते, आणि पूर्वी बेताने पिणारेही तिच्या आहारी जाऊ शकतात. समुपदेशकाशी बंद खोलीत, सासू-नवरा बाहेर असताना बोलता येतं का, हे म्हणून महत्त्वाचं.

त्या बंद खोलीत आणखी एक विषय निघतो. लग्नाला चार-पाच वर्षं झाली, मूल नाही, पाळी अनियमित, वजन जास्त, म्हणून घरच्यांनी ऑपरेशनला आणलेल्या सुना असतात. वजन उतरल्यावर पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते हे खरं. पण ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात. आईलाच अन्न पुरत नाही, तिथं गर्भाला काय मिळणार? बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्याही भरवशाच्या राहत नाहीत, तांबी किंवा दुसरा उपाय लागतो. घरचे ‘पुढच्या महिन्यात पाळणा’ या आशेने आलेले असतील आणि सून गप्प असेल, तर हे सगळं घरच्यांना समोर बसवून सांगणं दवाखान्याचं काम आहे. गर्भपिशवीच्या वेळी हेच झालं होतं. निर्णय कोणी घेतला आणि शरीर कोणाचं होतं, हे कुणी विचारलंच नाही.

पैशांबद्दल थोडं. खासगी हॉस्पिटलांत अडीच-तीन लाखांपासून पुढे खर्च येतो. जठर कापून टाके मारणाऱ्या यंत्राच्या काडतुसांचा त्यात मोठा वाटा असतो. ती एकदाच वापरायची असतात. किती वापरली आणि त्यांचे बॅच नंबर काय, हे बिलासोबत मागा. पॅकेजमध्ये पुढच्या एका वर्षाच्या भेटी आणि तपासण्या धरल्या आहेत का, लीक झालं आणि दहा दिवस आयसीयूत राहावं लागलं तर तो खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा तुमच्या विम्यात काय बसतं, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आणि विमा कंपनीला वेगवेगळं विचारा, एकाच्या तोंडी शब्दावर जमीन गहाण टाकू नका. आणि जन्मभराच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या व तपासण्यांचा महिन्याचा खर्च आधीच मांडा. तो पेलणार नसेल तर आज ऑपरेशनचे पैसे उभे राहिले तरी थांबणं बरं.

शेवटी तारीख. ती ठरवताना सर्जनच्या डायरीआधी आपलं वर्ष समोर ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत पाणी घोट-घोटच जातं, आणि बीडच्या एप्रिल-मे महिन्यात, टँकरच्या रांगेत, दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पोटात घालणं अवघड होतं. पाऊस पडल्यानंतरचे महिने बरे, पण तेव्हा पेरणी-खुरपणी असते आणि महिना-दीड महिना जड उचलायचं नसतं. शिक्षकांना दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, नेमक्या त्याच दिवसांत घरात फराळाचे डबे भरलेले असतात. ज्या घरातली माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जातात, त्यांनी जुलैत ऑपरेशन केलं तर तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या तपासण्या फडावरच्या कोप्यात राहून होणार नाहीत, आणि रोजची मोळी उचलायला तेव्हा अंगात ताकदही नसते. अशा माणसाने हंगामाची उचल घेण्याआधीच दवाखान्याशी बोलावं आणि एक हंगाम घरी राहता येत असेल तरच तारीख घ्यावी. चांगलं केंद्र या कारणासाठी ऑपरेशन वर्षभर पुढे ढकलायला खळखळ करत नाही. तेवढ्या वर्षात आहारतज्ज्ञाच्या भेटी, शुगरची औषधं आणि वजन घटवण्याचे इतर उपाय सुरू ठेवतं.